पुठ्ठ्याचा डबा आणि त्यावरचा करवंदचोर

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घराच्या ग्रिलवर रोज सकाळी बुलबुलाची जोडी येते आणि कुंडीतली पिकलेली लाल मिरची खाऊन जाते, हिरवीला हात, म्हणजे चोच, लावत नाही, लालच हवी. आई गॅसपाशी उभी राहून ओरडते, आला गं चोर. नेमक्या अशाच एका चोरीवरून एक जगप्रसिद्ध डिझाइन झालंय. विल्यम मॉरिस नावाचा इंग्लिश डिझायनर, ऑक्सफर्डशायरमधल्या केल्म्स्कॉट मॅनर या त्याच्या घरी परसबागेतल्या स्ट्रॉबेऱ्या कस्तूर पक्षी जाळीखाली घुसून पळवायचे. त्याने त्यांना हाकलायचं सोडून १८८३ मध्ये त्यांचंच कापड केलं, नाव स्ट्रॉबेरी थीफ. आज ते मग, डायऱ्या, छत्र्या, उशांचे अभ्रे, सगळीकडे दिसतं आणि डब्यांवर तर हमखास.

तर असा डबा घरी कसा करायचा ते सांगते. पण मॉरिसचं चित्र डाउनलोड करून चिकटवायचं नाही (मीही तेच करून बसले होते), आपलं चित्र काढायचं. स्ट्रॉबेरीच्या जागी येऊरच्या जंगलातली करवंदं, कस्तूरच्या जागी बुलबुल. ड्रॉइंग येत नाही म्हणून लगेच मागे हटू नका. मॉरिसच्या पहिल्यावहिल्या वॉलपेपरवर, १८६२ च्या ट्रेलिसवर, गुलाबाचे वेल त्याचे आहेत पण पक्षी त्याच्या आर्किटेक्ट मित्राने, फिलिप वेबने काढलेत. म्हणजे पक्षी दुसऱ्याकडून काढून घेतले तरी चालतंय. माझे बुलबुल भाचीने काढलेत, आठवीत आहे.

आधी सामान. दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, म्हणजे करडा भरीव पुठ्ठा, बाइंडिंगवाल्यांकडे मिळतो, जांभळी नाक्याच्या बाजूला स्टेशनरीच्या होलसेल दुकानांतही मिळेल. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊ नका, आत पन्हाळीसारखा पोकळ असला तर कड दबते आणि कागदातून रेघा दिसतात. मोठा कटर, नवीन ब्लेडसकट, स्टीलची पट्टी (प्लॅस्टिकची कटरखाली सोलून निघते), गुण्या नसेल तर कंपासमधला सेट स्क्वेअर, फेविकॉल, दीड इंची सपाट ब्रश, मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर, पोस्टर कलर, एक गडद निळी रंगपेन्सिल. आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा. वजन ठेवायला त्याच्याइतकं सपाट आणि जड घरात दुसरं काही सापडत नाही.

आता चित्र. इथे वेळ द्या, बाकीचं सगळं नुसतं कापणं-चिकटवणं आहे.

मे महिन्यात येऊरला जा, किंवा स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून करवंदं आणा आणि एक डहाळी मिळाली तर मागून घ्या. ती समोर ठेवून बघायची. करवंदाची पानं जोडीजोडीने समोरासमोर येतात, लांबट गोल, वरून चकचकीत, काटेही जोडीने येतात. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, चांदणीसारखं. फळं आधी हिरवी, मग लालसर, मग काळी-जांभळी, आणि एकाच घोसात तिन्ही रंग असू शकतात, म्हणजे रंगसंगती आयतीच मिळाली. देठ तोडला की पांढरा चीक येतो, तो कागदाला लागू देऊ नका, डाग पडतो. बुलबुल आपला नेहमीचा लालबुड्या, डोकं काळं, डोक्यावर छोटासा तुरा, अंग तपकिरी आणि त्यावर खवल्यांसारखी फिकट कड, शेपटीखाली लाल. तो लाल ठिपका विसरू नका, तोच करवंदाच्या लालशी बोलतो.

मॉरिसचं डिझाइन आरशातल्यासारखं आहे, पक्षी जोडीने समोरासमोर, डावं अर्धं उजव्या अर्ध्याचं प्रतिबिंब. ही गोष्ट आपल्या फार कामाची, कारण अर्धंच चित्र काढावं लागतं. सहा सेंटिमीटर रुंद आणि नऊ उंच असा आयत आखा. त्यात आधी एक मोठा वळणदार देठ काढा, एस-सारखा, मग उजवीकडे तोंड केलेला एक बुलबुल, चोचीत करवंद. वरच्या आणि खालच्या कडेला काहीही टेकू द्यायचं नाही. मग हा कागद मधोमध आडवा कापायचा, पण पक्ष्यातून नाही, देठातून कापला जाईल असा पक्षी थोडा वर किंवा खाली बसवलेला असू द्या. आता वरचा तुकडा खाली आणि खालचा वर, मागून टेप लावून जोडा. जिथे कडा होत्या तिथे मधे रिकामी पट्टी दिसेल, ती पानांनी, फुलांनी, लहान घोसांनी भरून टाका. झालं, आता हा आयत एकाखाली एक कितीही वेळा ठेवा, कापलेला देठ आपोआप जुळतो. पहिल्यांदा जुळला तेव्हा मी खरंच एकटीच हसले.

मग ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं, पेपर उलटा करून बाजूला पुन्हा उतरवायचं. बारा बाय नऊचा एक ठोकळा तयार, दोन बुलबुल समोरासमोर. डावी-उजवी कड प्रतिबिंबामुळे जुळतेच, फक्त कडेला जाणारा देठ शक्यतो आडवा सरळ जाऊ द्या, तिरका गेला तर जोडावर कोपरासारखं टोक येतं.

रंगाच्या बाबतीत मॉरिसकडून एक गोष्ट उचला. त्याने हे कापड निळीच्या डिस्चार्ज पद्धतीने छापलं, म्हणजे आधी अख्खं कापड निळीत बुडवून गडद करायचं, मग जिथे निळा नको तिथे ठशाने तो उडवायचा आणि त्या मोकळ्या जागेत लाल, पिवळा भरायचा. वेळखाऊ आणि महाग काम, पण त्याला ती खोल निळाई हवीच होती, आणि त्यासाठी लंडनजवळ मर्टन ॲबीला स्वतःचा कारखाना काढल्यावर नीळ नीट वापरता आली. आपल्याला नीळ नको, पोस्टर कलर पुरे, पण विचार तोच ठेवायचा, पार्श्वभूमी गडद, आकृत्या उजळ. पांढऱ्या कागदावर चित्र रंगवून उरलेली जागा पांढरीच ठेवली की डबा लग्नपत्रिकेसारखा दिसतो. गडद निळा, पानांना फिकट पोपटी, फळांना लाल आणि जांभळा, पक्ष्याला तपकिरी. एवढ्यात थांबा. रंग वाढवायचा मोह होतो, मॉरिसलाही व्हायचा म्हणा, त्याच्या अकँथस वॉलपेपरला ३० ठसे आणि १५ रंग लागले होते, पण त्याच्याकडे छापायला माणसं होती.

आणि मोठ्या देठामागे बारीक पानांचा दुसरा थर काढा, अंगठ्याच्या नखाएवढी पानं. रिकामी जागा दिसली की भरा. जवळून बघितलं तर गर्दी वाटते, हातभर लांबून बघितलं की त्यातून पक्षी पुढे येतात.

प्रिंटसाठी ठोकळा स्कॅन करून डीटीपीवाल्याला ए-थ्री कागदभर लावायला सांगा, ठोकळ्याचा मध्य कागदाच्या मध्यावर. प्रिंट लेझरच हवी, हे त्याला दोनदा सांगा. माझ्या पहिल्या डब्याला एका दुकानात इंकजेटवर काढून दिलं, मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, घरी येऊन फेविकॉल लावल्याबरोबर निळा रंग असा पसरला की दोन्ही पक्षी तलावात पडल्यासारखे दिसायला लागले. लेझरची टोनर पाणी लागलं तरी कागदाला धरून राहते. कागद शंभर जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), चकचकीत आर्ट पेपर नको. साइज हंड्रेड पर्सेंट, फिट-टू-पेज बंद, नाहीतर सगळी मापं चुकतात. तीन प्रिंट घ्या, दोन लागतात, एक तिसरी लागतेच.

आता डबा. तळ १८ बाय १२ सेंटिमीटर. लांब भिंती १८ बाय ७ च्या दोन, आखूड भिंती १२.४ बाय ७ च्या दोन. ते वरचे ४ मिलिमीटर कुठून आले, तर भिंती तळाच्या वर नाही, तळाच्या बाजूने उभ्या करायच्या, आधी लांब, मग आखूड भिंतींनी त्यांची टोकं झाकायची, म्हणून दोन्हीकडच्या पुठ्ठ्याची जाडी धरली. कापताना एका दमात कापायचा प्रयत्न नको, हलक्या हाताने पाच-सहा वेळा त्याच रेघेवर फिरवा, ब्लेड सरळ उभी. कडेला फेविकॉलची बारीक रेघ, भिंत उभी करा, मास्किंग टेपने बाहेरून धरून ठेवा, सेट स्क्वेअर कोपऱ्यात घालून बघा आणि अर्धा तास हात लावू नका.

झाकणाची मापं आधीच कापून ठेवू नका. खालचा भाग वाळू द्या, मग त्याचं बाहेरून खरं माप घ्या, ते कागदावरच्या हिशोबाने १८.४ बाय १२.४ यायला हवं पण माझं कधीच अगदी तेवढं आलेलं नाही. जे येईल त्यात ३ मिलिमीटर मिळवा, ते झाकणाच्या वरच्या पुठ्ठ्याचं माप, माझ्या हिशोबात १८.७ बाय १२.७. भिंती ३ सेंटिमीटर उंच, लांब १८.७ आणि आखूड १३.१. तीन मिलिमीटर फार वाटतात पण बाहेरचा कागद, आतला कागद, फेविकॉलचे थर यात थोडे जातात, आणि पावसाळ्यात आपल्या ठाण्यात पुठ्ठा फुगतो ते वेगळंच. एप्रिलमध्ये घट्ट बसणारं झाकण जुलैमध्ये उघडायला दोन माणसं लागतात.

चिकटवताना फेविकॉल तीन भाग, पाणी एक भाग. जुने बाइंडर मैद्याची खळ करतात आणि कसर-झुरळ लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात, काम छान होतं पण मोरचूद विषारी, लहान मुलांच्या घरात नको. फेविकॉल पुठ्ठ्याला नाही, कागदाला लावायचा, मधून बाहेर, आणि लावल्यावर लगेच चिकटवायचं नाही, मिनिटभर थांबायचं. ओला कागद ताणला जातो, जे काही ताणायचं ते त्याला आधी ताणून घेऊ द्या, नाहीतर चिकटवल्यावर ताणतो आणि बुडबुडे येतात. मग पुठ्ठा कागदावर ठेवा, उलटा करा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने, मधे साधा कागद धरून, मधून कडेकडे दाबत न्या. चमचा थेट घासला तर टोनरवर चमकदार ओरखडे उठतात.

आधी झाकण, कारण डबा माणूस वरून बघतो. कागद २९.१ बाय २३.१, म्हणजे वरचा भाग, चारी भिंतींचे ३-३ आणि आत दुमडायला २-२ सेंटिमीटर. झाकण कागदावर ठेवायच्या आधी मागून उजेडात धरून बघा पक्षी कुठे येतायत. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. माझ्या दुसऱ्या डब्यात बुलबुलाची मान बरोब्बर झाकणाच्या खालच्या कडेवर आली, डोकं झाकणावर आणि धड डब्यावर, डबा उघडला की शिरच्छेद. आई म्हणाली, अगं मुंडीच उडवलीस की बिचाऱ्याची. तेव्हापासून नियम, झाकणाच्या कडेवर फक्त पान किंवा देठ येऊ द्यायचा, ते कापले गेले तरी कोणाला काही वाटत नाही. पक्ष्यांची एक पूर्ण जोडी झाकणाच्या मधोमध, त्यांचा मध्य आणि झाकणाचा मध्य एकाच रेघेवर.

चित्राची खालची बाजू तुमच्याकडे, म्हणजे पुढच्या भिंतीवर डिझाइन सरळ उतरतं. मागच्या भिंतीवर ते उलटं येणार आणि बाजूंना आडवं, त्याला इलाज नाही, चार वेगळ्या पट्ट्या लावल्या तर सगळं सरळ येईल पण वरच्या कडेला जोड दिसतो. मी उलटे पक्षी चालवून घेते. मागची बाजू भिंतीकडे असते.

कोपऱ्यांसाठी, लांब बाजूंचे पदर दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर जास्त ठेवा, तो जिभेसारखा भाग कोपऱ्यावरून वळवून आखूड भिंतीवर चिकटवा, आणि त्याच्यावर आखूड बाजूचा पदर, तो मात्र भिंतीच्या रुंदीपेक्षा अगदी केसभर कमी कापलेला, म्हणजे कडेतून बाहेर डोकावत नाही. बाकीचे चौकोन कापून टाका. मग २ सेंटिमीटर आत दुमडा.

खालच्या डब्याला दुसऱ्या ए-थ्रीमधून ११ सेंटिमीटर उंचीच्या दोन पट्ट्या निघतात, ७ भिंत, २ तळाखाली, २ आत. मागची पट्टी आधी, साधारण २१ सेंटिमीटर लांब, दोन्ही कोपऱ्यांवरून जराशी पुढे आलेली. पुढची पट्टी अख्खी लांब, मध्य पुढच्या भिंतीच्या मध्यावर, ती दोन्ही बाजूंनी मागे जाऊन मागच्या पट्टीवर चढते. जोड मागच्या कोपऱ्याजवळ येतो, दिसत नाही. पुढची पट्टी चिकटवायच्या आधी झाकण डब्यावर बसवा, पेन्सिलने झाकणाच्या कडेची हलकी रेघ डब्यावर मारा, आणि कोरडीच पट्टी धरून वर-खाली सरकवा, झाकणावरचा देठ जिथे संपतो तिथूनच डब्यावरचा देठ सुरू झाला पाहिजे. झाकण डब्यापेक्षा काही मिलिमीटर मोठं आहे त्यामुळे सगळीकडे जुळणार नाही, पुढच्या मध्यावर जुळवा आणि कोपऱ्यांकडे सुटू द्या. बघणाऱ्याचा डोळा मध्यावरच जातो.

दुमडलेल्या कडांवर टोनर तडकते आणि निळ्यात बारीक पांढरी रेघ दिसते. हे सगळ्यांचंच होतं, तुमचं काही चुकलं नाही. निळी पेन्सिल त्यासाठीच आणली. कागद पूर्ण वाळल्यावर पेन्सिल आडवी धरून कडेवरून दोनतीनदा फिरवा, टोकाने रेघ मारू नका, आणि बोटाने पुसा.

आतून अस्तर लावायलाच हवं, नुसत्या शोभेसाठी नाही. बाहेरचा कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला बाहेर खेचतो, आतून कागद लावला की तो उलट खेचतो, भिंती सरळ राहतात. मी एकदा उत्साहात आतून खणाचा तुकडा लावला, सुंदर खण होता, पण बाहेर एवढी गर्दी असताना आत परत गर्दी, डबा उघडल्यावर डोळा टेकायला जागाच नाही. साधा एकरंगी कागद लावा, फिकट पोपटी किंवा हळदीसारखा पिवळा. कापडच हवं असेल तर फेविकॉल पाणी न घालता आणि पुठ्ठ्याला लावा, कापडाला नाही, नाहीतर डाग वर येतो. मग झाकण आणि डबा वेगवेगळे, तळाखाली सपाट फळी, आत अगदी मापाचा पुठ्ठा घालून त्यावर दिवाळी अंक, रात्रभर.

शेवटी पाण्यात मिसळणारं मॅट वॉर्निश, पातळ दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. चकचकीत वॉर्निश लावलं की ट्यूबलाइटची पट्टी झाकणावर दिसते आणि पक्षी दिसत नाहीत. हे काम जून ते सप्टेंबर शक्यतो टाळाच. मी जुलैमध्ये केलं होतं, हाताला कोरडं लागलं म्हणून झाकण बंद केलं आणि तीन दिवसांनी उघडायला गेले तर झाकणाबरोबर डब्याच्या कडेचा कागदच सोलून आला. दमट हवेत वॉर्निश वरून वाळतं, आतून चिकट राहतं. पावसात करायचंच असेल तर पंख्याखाली आठवडाभर उघडं ठेवा, मग कडेला किंचित टाल्कम पावडर लावून बंद करा.

विकायचा विचार असेल तर स्वतःच्या चित्राचा आणखी एक फायदा. मॉरिस १८९६ मध्ये गेला, त्याची मूळ डिझाइन्स कधीच मोकळी झालीत, पण नेटवर मिळणारी बरीच चित्रं म्हणजे कोणीतरी नव्याने रंगवलेली, नव्याने काढलेली असतात आणि त्यावर त्यांचा हक्क असू शकतो. करवंदचोर तुमचाच, तिथे प्रश्नच नाही.

झाकण नीट बसलंय का हे बघायचं असेल तर ते डब्यावर सरळ ठेवून हात सोडून द्या. धप्पकन पडलं तर सैल, अडकून राहिलं तर घट्ट, आणि आतली हवा निघता निघता सावकाश खाली आलं तर जमलं. माझं चौथ्या डब्याला जमलं. त्यात दागिने ठेवायचं ठरलं होतं, आईने त्यात तिच्या बीपीच्या गोळ्या ठेवल्या, त्यामुळे तो दिवसातून दोनदा उघडतो, पुढच्या कडेचा निळा रंग घासला जातो, आणि दर दोनतीन महिन्यांनी मी पेन्सिल घेऊन तेवढी कड पुन्हा रंगवून देते.